पूर्ववत म्हणजे कधीसारखं?

‘निसर्ग पूर्ववत करूया’ हे वाक्य आता सगळीकडे दिसतं. सरकारी जाहिरातीत, कंपन्यांच्या सीएसआर अहवालात, कॉलेजच्या एनएसएस शिबिराच्या बॅनरवर. हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण त्यातल्या एका शब्दात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही. पूर्ववत म्हणजे पूर्वीसारखं. मग पूर्वी म्हणजे नेमकं कधी? आजोबांच्या लहानपणी? इंग्रज यायच्या आधी? यादवांच्या काळात? आणि त्या वेळी तिथे काय होतं, हे सांगणार कोण?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमा वाचून जमिनीचं वर्गीकरण करणाऱ्या प्रणालीवर काम करतो. सोप्या शब्दांत सांगायचं तर नकाशाच्या प्रत्येक चौकोनाला एक नाव द्यायचं: शेत, जंगल, वस्ती, पाणी. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, इंदापूर-दौंडकडे सरकलो की स्क्रीनवर एक फिकट तपकिरी रंग पसरायला लागतो. ना शेत, ना जंगल, ना वस्ती. आमच्या यादीत त्याचं नाव ‘वेस्टलँड’, म्हणजे पडीक जमीन. त्या भागातल्या कुणालाही विचारा, तो त्याला माळ म्हणेल.

एकाच जागेला पडीक म्हणायचं की माळ, हा भाषेचा किरकोळ वाद वाटेल. पण त्या शब्दावर कोट्यवधी रुपये, लाखो खड्डे, हजारो मेंढरं आणि लांडग्यासारख्या प्राण्यांचं भवितव्य अवलंबून आहे. आणि या वादाचा निकाल उपग्रह देऊ शकत नाही. त्यासाठी इतिहास लागतो, जुनं मराठी वाङ्मय लागतं, दैवतकथा लागतात. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ज्यांना आपण सगळे ‘आर्ट्सचे विषय’ म्हणून हसायचो, ते सगळं लागतं.

झाडं नसलेली जमीन

आधी प्रश्न नीट मांडूया. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून दीडशे किलोमीटरच्या आत, पूर्वेला इंदापूरकडे पोहोचेपर्यंत तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. ढग डोंगर चढताना रिकामे होतात आणि पलीकडचा मुलूख पर्जन्यछायेत राहतो. या मुलखात उथळ, मुरमाड जमिनीवर गवत वाढतं. मधून मधून बाभूळ, हिवर, बोर, खैर अशी काटेरी झाडं असतात. पावसाळ्यात हिरवं आणि शिमग्यापर्यंत सोनेरी होणारं हे रान जगाच्या भूगोलात ‘सव्हाना’ या प्रकारात मोडतं. शाळेत आपण सव्हाना शिकलो ते आफ्रिकेतलं. सिंह, जिराफ आणि झेब्रे. आपल्या एसटीच्या खिडकीतून जे दिसतं तेही सव्हानाच आहे, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

आता या रानाकडे पाहून दोन गोष्टी सांगता येतात. पहिली अशी: इथे पूर्वी घनदाट जंगल होतं. माणसांनी ते तोडलं, गुरांनी उरलंसुरलं खाल्लं, आणि आज दिसतो तो त्या जंगलाचा सांगाडा. ही गोष्ट खरी असेल, तर झाडं लावणं हे निसर्गाचं कर्ज फेडणं ठरेल. दुसरी गोष्ट अशी: इथे हजारो वर्षांपासून गवतच आहे. तणमोर, माळढोक, चिंकारा, लांडगा हे सगळे या मोकळ्या रानातच घडले. ही गोष्ट खरी असेल, तर तिथे दाट झाडं लावणं म्हणजे एक जिवंत परिसंस्था खड्डे खणून पुरणं.

दोन्ही गोष्टी भूतकाळाबद्दल आहेत. आणि उपग्रह भूतकाळात डोकावतो तो फार तर पन्नासेक वर्षं, कारण त्याआधी वर फिरायला तो नव्हताच.

तरी निर्णय मात्र झालेला असतो. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये २ कोटी झाडं लावण्याची मोहीम घेतली. पुढच्या तीन वर्षांची उद्दिष्टं होती ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी. एवढी झाडं लावायला जागा कुठे मिळणार? शेतात नाही, शहरात नाही. ‘रिकाम्या’ जमिनीवर. जगाच्या पातळीवरही हेच चाललं आहे. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक गाजलेला निबंध आला. राखीव क्षेत्रांतल्या सुमारे ७८ हजार ठिकाणांच्या प्रतिमा वाचून, त्यावर मशीन लर्निंगचं मॉडेल शिकवून, पृथ्वीवर आणखी ९० कोटी हेक्टर वृक्षाच्छादन मावू शकतं असा हिशेब त्यात मांडला होता. त्याच वर्षी अनेक शास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं की हा आकडा फुगलेला आहे, कारण त्यात प्राचीन गवताळ प्रदेशही झाडांसाठी मोकळी जागा म्हणून मोजले गेले आहेत.

त्या मॉडेलचं गणित मला कळतं. हवामान अमुक, माती तमुक, म्हणजे इथे इतकी झाडं वाढू शकतात. पण ‘वाढू शकतात’ आणि ‘होती’ यांत फरक आहे, आणि ‘होती का?’ असा रकाना त्या तक्त्यात नसतोच.

‘पडीक’ हा शब्द आला कुठून

रिकामी जमीन ही कल्पना निसर्गात नसते, दप्तरात असते. आणि गंमत म्हणजे तिच्या इतिहासात इंदापूर तालुक्याला मानाचं पान आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खन कंपनी सरकारच्या ताब्यात आलं. नव्या मालकाचा पहिला प्रश्न होता सारा किती घ्यायचा. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात मोजणी करून सारा ठरवला. तो इतका जड झाला की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. तीच पद्धत पुढे जवळजवळ सगळ्या मुंबई इलाख्यात लागू झाली. आज आपण ज्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालतो, त्याच्या मुळाशी हीच मोजणी आहे.

एक इंजिनिअर म्हणून मला विंगेटबद्दल आदर वाटतो. जमिनीची खोली मोजायची, रंग आणि पोत पाहायचा, चुनखडी, दगड, उतार असे दोष वजा करायचे आणि प्रत्येक तुकड्याला सोळा आण्यांच्या प्रमाणात दर्जा द्यायचा. एकोणिसाव्या शतकातलं हे वर्गीकरणाचं अल्गोरिदमच. प्रिंगलपेक्षा साराही हलका झाला आणि टाकलेल्या जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या.

पण प्रत्येक वर्गीकरण एका प्रश्नासाठी बनलेलं असतं. इथला प्रश्न होता: ही जमीन किती पिकेल आणि सरकारला किती देईल? ज्या जमिनीचं उत्तर शून्य, ती ‘वेस्ट’. सातबाऱ्यावर आजही ‘पोटखराब’ असा रकाना असतो. तुमच्या मालकीच्या जमिनीतला जो भाग पिकत नाही, तो पोटखराब. तिथे गवत असेल, बोरीबाभळी असतील, चिंकाऱ्याची पिल्लं असतील. रकान्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.

यात विंगेटचा दोष नाही. त्याने महसुलाचा प्रश्न विचारला, महसुलाचं उत्तर मिळवलं. घोटाळा पुढे झाला. महसुलाच्या प्रश्नाचं उत्तर पर्यावरणाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरलं जाऊ लागलं. ‘सारा न देणारी जमीन’ हळूहळू ‘बिघडलेली जमीन’ झाली. त्याला आणखी एका विचाराची जोड मिळाली. झाडं तोडली की पाऊस जातो आणि मुलूख सुकतो, असं त्या काळच्या अनेक युरोपियन शास्त्रज्ञांना वाटत होतं. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कोकणातली तोड त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि तिथली त्यांची काळजी रास्त होती. मात्र हाच चष्मा घालून घाटाच्या पूर्वेकडे पाहिलं, तर प्रत्येक उघडा माळ हा तोडलेल्या जंगलाचा पुरावा वाटू लागतो.

स्वातंत्र्यानंतर शब्द टिकले. १९५२च्या वनधोरणाने देशाची एकतृतीयांश जमीन वनाखाली असावी असं उद्दिष्ट ठेवलं. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं. २००० पासून उपग्रहाच्या मदतीने देशाचे ‘वेस्टलँड ॲटलस’ निघू लागले. २०१९च्या ॲटलसप्रमाणे देशाची सुमारे १७ टक्के जमीन पडीक आहे आणि त्यात झुडपी रानं, गवताळ रानं, चराऊ जमिनी अशा कितीतरी गोष्टी एकाच छत्राखाली आहेत. आमच्या स्क्रीनवरचा तपकिरी रंग असा इंदापूरच्या मोजणीपासून चालत आलेला आहे. उपग्रह नवा, कॅमेरा नवा, मॉडेल नवं. लेबल मात्र कंपनी सरकारच्या काळातलं.

कोड लिहिणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. जुन्या प्रणालीतला एखादा रकाना कुणी, कशासाठी बनवला हे विसरलं जातं आणि नवी प्रणाली त्यालाच सत्य मानून चालते. फरक इतकाच की इथे त्या रकान्यात माणसं आणि जनावरं राहतात.

माळाची बखर

मग पडताळणी कशी करायची? दोनशे वर्षांपूर्वीचे, पाचशे वर्षांपूर्वीचे माळ कुणी पाहिले आहेत?

पाहिले आहेत. आणि लिहूनही ठेवलंय, फक्त वेगळ्याच कामासाठी.

२०२५ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ आशिष नेर्लेकर आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक दिग्विजय पाटील यांचा एक शोधनिबंध ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पश्चिम महाराष्ट्रातल्या या मुलखाबद्दल जुनं मराठी वाङ्मय काय सांगतं, हे त्यांनी पाहिलं. तेराव्या शतकापासूनचे ग्रंथ, चरित्रं, काव्य, मौखिक परंपरा. त्यांत आलेली रानाची वर्णनं वेचली, उल्लेख आलेल्या झाडाझुडपांची ओळख पटवली. अशा ४४ रानवनस्पती निघाल्या आणि त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश सव्हानाच्या खुणा सांगणाऱ्या होत्या. निष्कर्ष असा की हा मुलूख निदान ७५० वर्षांपासून मोकळा, गवताळ आणि काटेरी आहे. म्हणजे इंग्रजांच्या आधी, पेशव्यांच्या आधी, शिवाजी महाराजांच्याही आधी.

हे वाचून मी जुन्या ग्रंथांकडे वळलो आणि चकित झालो. ‘लीळाचरित्र’ आपल्याला मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून परीक्षेपुरता माहीत असतो. म्हाइंभटांनी तो कसा लिहिला? चक्रधरस्वामींना भेटलेल्या माणसांकडे जाऊन, विचारून, पडताळून. स्वामी कोणत्या गावाहून कोणत्या गावी गेले, कुठे बसले, काय म्हणाले, कुणी ऐकलं. भक्ताला स्वामींच्या प्रत्येक पावलाची नोंद हवी होती. त्याच पंथाच्या ‘स्थानपोथी’मध्ये तर स्वामींचा वास घडलेल्या जागांची तपशीलवार नोंद आहे. ओटा कुठे, देऊळ कोणत्या तोंडाचं, जागा कोणत्या दिशेला. श्रद्धेपोटी लिहिलेला हा मजकूर आज भूगोलाचा दस्तऐवज म्हणून वाचता येतो. लिहिणाऱ्याला झाडाबद्दल काही सिद्ध करायचं नव्हतं, म्हणूनच झाडाबद्दलची त्याची साक्ष मोलाची.

किंवा कान्होपात्रेची कथा घ्या. मंगळवेढ्याची ही संत कवयित्री. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिने पंढरपूरला विठ्ठलाच्या पायाशी प्राण ठेवला. तिला देवळाच्या आवारात पुरलं आणि त्या जागी झाड उगवलं असं परंपरा सांगते. झाड कोणतं? तरटीचं. तरटी हे कोरड्या, उघड्या मुलखातलं काटेरी झाड. वड नाही, पिंपळ नाही, कल्पवृक्ष नाही. चमत्कार म्हणून उगवलेलं झाडसुद्धा तिथल्या मातीतलंच आहे. झाड चमत्काराने उगवलं की नाही, यावर वाद घालायची गरज नाही. कथा सांगणाऱ्यांना कोणतं झाड ओळखीचं होतं, एवढंच आपल्याला कळून घ्यायचं आहे.

आता दैवतांकडे पाहा. या मुलखाचे देव कोण? खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने महाराष्ट्रात वर्षानुवर्षं फिरून धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि या देवांवर मोलाचा ग्रंथ लिहिला. खंडोबाची दुसरी बायको बाणाई धनगराची. तिच्यासाठी देव जेजुरी सोडून तिच्या बापाच्या वाड्यावर मेंढरं राखायला राहतो. देवाला मेंढपाळ व्हावं लागतं, कारण तिथली खरी संपत्ती मेंढरं आहेत आणि मेंढरांना गवत लागतं. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४च्या ग्रंथात विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. या मुलखाच्या गावोगावी मारुतीच्या पाराशेजारी पडलेले वीरगळ पाहा. कितीतरी वीरगळांवर खालच्या पट्टीत गाई कोरलेल्या असतात, कारण तो वीर गोधन वाचवताना पडलेला असतो. गुरांसाठी जीव द्यावा इतकी गुरं जिथे होती, तिथे त्यांना पोसणारं रानही होतं.

याहून मागे जायचं तर पुरातत्त्व आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी बारा-तेरा हंगाम उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीच्या शेवटच्या टप्प्यात पाऊसमान बिघडलं तेव्हा माणसं मोठी घरं सोडून लहान गोल झोपड्यांत आली आणि शेतीपेक्षा जनावरांवर जास्त विसंबू लागली, असं ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी मांडलं. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे तर पंचवीसेक हजार वर्षांपूर्वीची, नक्षी कोरलेली शहामृगाच्या अंड्याची कवचं सापडली. शहामृग हा घनदाट जंगलात राहणारा पक्षी नव्हे. समुद्रतळाच्या गाळाचीही यात साक्ष आहे. गोदावरीने बंगालच्या उपसागरात वाहून नेलेल्या गाळाच्या थरांवरून शास्त्रज्ञांनी दाखवलं की गेल्या काही हजार वर्षांत दख्खन हळूहळू कोरडं होत गेलं आणि कोरडं हवामान सोसणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या.

यातला एकेक पुरावा सुटा घेतला तर लंगडा आहे. ओवी, गाळ, वीरगळ, कवच, पोथी. पण वेगवेगळ्या काळातले, एकमेकांना न ओळखणारे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की न्यायाधीशाला ऐकावं लागतं.

कवी खोटं बोलतो तेव्हा

इथे माझ्यातला इंजिनिअर हात वर करतो. कवितेला पुरावा म्हणायचं? कवी तर काहीही लिहितात. जुन्या काव्यात नायिकेच्या बागेत सगळ्या ऋतूंची फुलं एकाच दिवशी फुलतात. चंदन, अशोक, बकुळ यांची यादी संस्कृत काव्यातून जशीच्या तशी उचलून कुठल्याही गावाच्या वर्णनात घातलेली असते.

हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच साहित्याचा अभ्यासक लागतो. कोणतं वर्णन साच्यातलं आणि कोणतं पाहिलेलं, हे ओळखणं हीच त्याची विद्या. चंदन-बकुळ हा अलंकार आहे; तरटी आणि हिवर अलंकारात बसत नाहीत, ते पाहिल्याशिवाय लिहिले जात नाहीत. ग्रंथाची प्रत कोणत्या काळातली, कोणता पाठ मूळचा, कोणती ओळ मागाहून घुसवलेली, हे तपासण्याची शिस्त भाषेच्या अभ्यासकांनी दीडशे वर्षं घासूनपुसून तयार केली आहे. आम्ही डेटा साफ करतो म्हणून मिरवतो. वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या पोथ्या जुळवून पाठ सिद्ध केला ते काय वेगळं होतं?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ज्याला जे हवं ते तो इतिहासात शोधतो. आज माळ वाचवायचे म्हणून जुन्या ग्रंथात माळ सापडणार, उद्या कुणाला जंगल हवं असेल तर जंगल सापडेल. याला उत्तर एकच: पद्धत तीच ठेवून दुसरीकडे जाऊन पाहायचं. सह्याद्रीत जा. तिथे देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. देवाच्या नावाने राखलेल्या त्या तुकड्यांत जुन्या दाट रानाचे अवशेष सापडतात आणि तिथल्या देवाच्या गोष्टीही झाड तोडू नये हेच सांगतात. म्हणजे लोकपरंपरा घाटमाथ्यावर जंगलाची साक्ष देते आणि पर्जन्यछायेत गवताची. ती सगळीकडे एकच गोष्ट सांगत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. सह्याद्रीत तोडलेलं जंगल परत आणणं हेच पूर्ववत करणं आहे. इंदापूरच्या माळावर तसं नाही.

वाङ्मयाची मर्यादाही सांगायला हवी. लीळाचरित्र हेक्टरचा आकडा देणार नाही. गवत कमरेएवढं होतं की घोट्याएवढं, हे ओवीतून मोजता येणार नाही. आजचा माळ यादवकाळातल्या माळासारखाच आहे असंही नाही. नांगर, कालवे, खाणी, अति चराई यांनी तो पुष्कळ बदलला आहे. आणि तो झिजला आहे हे मान्य केलं तरी उपाय गवताचा निघतो, जंगलाचा नाही.

चुकीच्या उत्तराची किंमत

सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. पक्ष्याच्या नावातच पत्ता आहे: माळावरचा ढोक. त्याला दूरवर दिसायला हवं, पळत जाऊन उडायला मोकळी जागा हवी. अशा ठिकाणीसुद्धा मागे सरकारी योजनेतून गिरिपुष्पासारखी परदेशी झाडं लावली गेली. कागदावर हरित क्षेत्र वाढलं. आज देशभरात मोकळ्या रानात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. शिकार, शेती, विजेच्या तारा अशी त्याला अनेक कारणं आहेत. पण ज्या जागेला आपण रिकामी म्हणतो, तिथे राहणाऱ्याची काळजी कोण घेणार?

माणसांचंही तेच. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घोडी, मेंढरं, कुत्री, कोंबड्या आणि तान्ह्या पोरांसह चालू लागतात. शेतकरी त्यांना रिकाम्या रानात मेंढरं बसवायला बोलावतात, कारण लेंडीखतासारखं खत नाही. पावसाळ्यात ते परत माळावर येतात. तिथे वृक्षारोपणाचं कुंपण पडलं, सौर पॅनलच्या रांगा उभ्या राहिल्या किंवा एमआयडीसीचा फलक लागला, की तेवढी चराई गेली. त्याची भरपाई नसते, कारण दप्तराप्रमाणे तिथे काही नव्हतंच. पूर्वी असं नव्हतं. पेशव्यांच्या काळात सरकारी घोड्यांसाठी कुरणं राखली जात, त्यांची व्यवस्था पाहिली जाई, दप्तरात नोंदी होत. गवत ही मोजण्यासारखी, राखण्यासारखी चीज होती.

हवामानबदलाच्या हिशेबानेही हा सौदा वाटतो तितका फायद्याचा नाही. गवताळ रानात कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत साठतो, वणवा लागला तरी तो बहुतांशी जमिनीखालीच राहतो. कोरड्या मुलखात पाणी ओढणारी दाट लागवड केली, तर आधीच तुटपुंज्या पाण्यात आणखी एक वाटेकरी येतो आणि दोन उन्हाळ्यांनी पुष्कळदा रोपंही वाळलेली असतात.

मग करायचं काय

मानव्यविद्यांनी पर्यावरणाच्या प्रश्नात ‘जनजागृती’ करावी, असं सहसा सुचवलं जातं. म्हणजे शास्त्रज्ञांनी उत्तर शोधायचं आणि कवींनी त्यावर पथनाट्य बसवायचं. मला हे अपुरं वाटतं. माळाच्या प्रश्नात साहित्य आणि इतिहास हे उत्तराच्या आधी, प्रश्न ठरवण्याच्या टप्प्यावर लागतात. इथे आधी काय होतं? ही जागा कुणाची? हा शब्द कुणी दिला? हे ठरल्यावर मग झाडांची संख्या, ड्रोन, मॉडेल हे सगळं यावं.

हे करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. त्यात झाडांची यादी असते, तशी जागेच्या आठवणीची नोंदही करता येईल. गावाची नावं पाहता येतील: हिवरे, बोरगाव, बाभूळगाव, पळसदेव. नुसत्या नावांनी काही सिद्ध होत नाही, पण चौकशी कुठून सुरू करायची ते कळतं. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या आता इंटरनेटवर येत आहेत. त्यांत नात्यागोत्यासोबत रान, पाऊस, झाडंही आहेत. धनगरी ओवीची सुरुवात ‘सुंबरान मांडण्या’ने होते. सुंबरान म्हणजे स्मरण. ते गाणारी म्हातारी माणसं अजून आहेत आणि तुमच्या खिशातल्या फोनमध्ये रेकॉर्डर आहे.

माझ्यापुरतं मी एवढं केलं: आमच्या टीमपुढे ‘वेस्टलँड’ हे लेबल फोडण्याचा प्रस्ताव ठेवला. माळ, चराऊ कुरण, खडकाळ बरड आणि खरोखरच बिघडलेली जमीन असे चार वेगळे वर्ग. बैठकीत एका वरिष्ठाने विचारलं, “या फरकाला पुरावा काय?” मी स्लाइडवर पावसाचा नकाशा, मातीचा नकाशा आणि त्यांच्या खाली तेराव्या शतकातल्या एका पोथीचं नाव ठेवलं होतं. दोन जण हसले. मग त्यांनी खालच्या ओळीबद्दलच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. प्रस्ताव अजून विचाराधीन आहे.

तोवर नकाशावर तो रंग तसाच आहे. पण पुढच्या वेळी पुणे-सोलापूर महामार्गाने जाताना पाटसच्या पुढे खिडकीबाहेर उघडं, पिवळं रान दिसलं आणि शेजारचा कुणी म्हणाला, “बघा, किती ओसाड जमीन, इथे झाडं लावायला हवीत,” तर त्याला एवढंच विचारा: इथे आधी काय होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?